इलेक्ट्रॉनिक आणि मिनिमल पॉप: नवख्या कानांसाठी वाटाड्या

"पाच मिनिटं झाली, अजून गाणं सुरूच होत नाहीये." इलेक्ट्रॉनिक किंवा मिनिमल पॉप पहिल्यांदाच ऐकणाऱ्याची ही ठरलेली तक्रार. दुसरी, "सगळं सारखंच वाटतं." दोन्ही तक्रारींत तथ्य आहे आणि दोन्हींचं मूळ एकच. आपले कान चाल आणि शब्द पकडायला सरावलेले असतात. इथे मात्र बरीचशी गंमत ठेक्यात, आवाजाच्या पोतात आणि तोच तुकडा पुन्हापुन्हा येताना त्यात होणाऱ्या बारीक फेरफारात असते. त्यामुळे काय ऐकायचं याच्या आधी लक्ष कुठे द्यायचं, हे ठरवावं लागतं.

नव्याने या वाटेला येणाऱ्यांना एकच सांगणं: भाराभर ऐकू नका. थोडं ऐका आणि जे आवडेल त्याचा धागा धरून पुढे सरका. हे कुणी बनवलं, कुठल्या यंत्रावर बनवलं, कुठल्या लेबलने (रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीने) काढलं आणि बनवणाऱ्याने स्वतः काय ऐकलं होतं, असे चार प्रश्न एकेका गाण्याला विचारले की वर्षभर पुरेल इतकं संगीत हाती लागतं. खालच्या पायऱ्या क्रमाने घ्याव्यात. पण सगळ्यांचं वजन सारखं नाही. वेळ घालवायचाच तर तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर घालवा.

पायरी १: खर्ज ऐकू येईल अशी सोय करा

फोनच्या स्पीकरवर हे संगीत ऐकू नका. त्या चिमुकल्या स्पीकरमधून साधारण २०० हर्ट्‌झच्या खालचा आवाज जेमतेम बाहेर पडतो, आणि इलेक्ट्रॉनिक संगीतातले बेस (खर्जातले सूर) आणि किक ड्रम (ठेक्यातला जाड, खालचा ठोका) बरेचदा ४० ते १०० हर्ट्‌झच्या पट्ट्यात वावरतात. म्हणजे इमारतीचा पायाच गायब, आणि वर आपण म्हणायचं की यात काही दम नाही.

पडताळून पाहायचं असेल तर जेम्स ब्लेकचं 'लिमिट टू युअर लव्ह' (२०१०) लावा. मूळ गाणं फाइस्ट या कॅनेडियन गायिकेचं. ब्लेकने त्यातलं जवळजवळ सगळं सामान बाहेर काढलं आणि पियानो, स्वतःचा आवाज, जुजबी ठेका आणि बेस एवढंच ठेवलं. फोनवर ऐकलंत तर एका टप्प्यावर पियानोच्या मागे नुसती पोकळी जाणवते. तेच हेडफोनवर ऐका. त्या पोकळीत थरथरणारा, अगदी खालच्या खर्जातला बेस भरून राहिलेला असतो, आणि सगळं गाणं त्याच्यावर उभं आहे.

महागडं काही लागत नाही. साधा तारेचा इयरफोनही चालतो, फक्त तो कानात नीट घट्ट बसायला हवा. सैल बसला की सर्वांत आधी बेस निसटतो. अॅपमधलं 'बेस बूस्ट' बंद ठेवा. आवाज मोठा करण्याची गरज नाही. डावा-उजवा इयरफोन अदलाबदल झालेला नाही ना, हेही एकदा बघा, पुढे त्याचं काम आहे.

पायरी २: एकच दार निवडा

"कुठून सुरू करू?" याला सगळ्यांसाठी एक उत्तर नाही. तुम्हाला आत्ता काय आवडतं, त्यावर दार ठरतं. खालीलपैकी एकच निवडा आणि निदान आठवडाभर त्यातच राहा.

तुम्ही गाण्यांचे, शब्दांचे भक्त असाल तर मिनिमल पॉपच्या दारातून या. इथे गाणं शाबूत असतं, फक्त खोगीरभरती काढून टाकलेली असते. यंग मार्बल जायंट्स हे कार्डिफचं त्रिकूट या बाबतीत माझ्या मते अजूनही कुणाच्या मागे पडलेलं नाही. त्यांचा 'कलॉसल यूथ' १९८० साली आला आणि स्टुडिओत बनलेला त्यांचा तेवढाच एक अल्बम. एक गिटार, एक बेस, अधूनमधून ऑर्गन, अॅलिसन स्टॅटनचा जराही न नटवलेला आवाज, आणि ड्रमरच्या जागी घरी जुळवलेल्या ड्रम मशीनचा कॅसेटवर भरून ठेवलेला ठेका. गाणी बहुतेक तीन मिनिटांच्या आत आटोपतात. दोन सुरांच्या मध्ये जी रिकामी जागा सोडलेली आहे तिच्याकडे कान लावा. गिटार जिथे वाजत नाही तिथेच गाणं ताणलेलं असतं. त्यानंतर लंडनच्या 'द एक्सएक्स' या बँडचा २००९ चा पहिला अल्बम ऐका. एक मुलगा, एक मुलगी, दोघांचं कुजबुजत चाललेलं बोलणं, बेस, गिटारचे मोजके सूर आणि जेमी एक्सएक्सने बोटांनी वाजवलेले इलेक्ट्रॉनिक ठेके. दोन रेकॉर्डींमध्ये २९ वर्षांचं अंतर आहे, पण घराणं एकच म्हणावं इतकं साम्य आहे.

ठेका, नाच, चपळाई आवडणाऱ्यांनी डॉना समर आणि जॉर्जिओ मोरोडर यांच्या 'आय फील लव्ह' (१९७७) पासून सुरुवात करावी. त्याबद्दल पुढच्या पायरीत सविस्तर.

यंत्रांचं आकर्षण असेल तर क्राफ्टवेर्क. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ शहरात राल्फ ह्यूटर आणि फ्लोरियान श्नायडर यांनी १९७० मध्ये उभा केलेला हा गट. त्यांचा 'द मॅन-मशीन' (१९७८) किंवा 'कॉम्प्युटर वर्ल्ड' (१९८१) घ्या. त्यांची २२ मिनिटांहून लांब 'आउटोबान' ही रचना (१९७४) जास्त प्रसिद्ध आहे, पण पहिल्या ओळखीसाठी ती नको.

शांतता हवी असणाऱ्यांसाठी ब्रायन ईनोचा 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्‌स' (१९७८). लक्ष देऊन ऐकलं तर गुंतवणारं आणि दुर्लक्ष केलं तर त्रास न देणारं संगीत, अशी अट ईनोने स्वतःच घालून घेतली होती. 'अॅम्बियंट' हे नाव या अल्बमपासून रुजलं.

आणि शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांसाठी एक दार आहे ज्याची फारशी चर्चा होत नाही. किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ १९७० मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि ला माँट यंग, मरियान झझीला, टेरी रायली हे अमेरिकी मिनिमलिस्ट त्यांचे शागीर्द झाले. रायलीची 'इन सी' ही रचना त्याच्याही आधीची, १९६४ ची. त्यात ५३ छोटे तुकडे लिहिलेले आहेत. वाजवणारे कितीही असोत, वाद्यं कुठलीही असोत. प्रत्येकाने प्रत्येक तुकडा हवा तितक्या वेळा घोळवायचा आणि मन भरलं की पुढच्यावर जायचं. सगळ्यांना एकत्र बांधून ठेवायला एक वरचा सूर सतत ठोकत राहतो. ही कल्पना पहिल्या प्रयोगात वाजवणाऱ्या स्टीव्ह राइकची. विलंबित ख्याल ऐकायची सवय असलेल्या माणसाला ही रचना पहिल्याच बैठकीत कळते. तीन मिनिटांच्या गाण्यांवर वाढलेल्याला थोडा वेळ लागतो. इथे तुमचा कान आधीच तयार आहे, त्याचा फायदा घ्या.

पायरी ३: एक गाणं फोडून ऐका

निवडलेल्या रेकॉर्डमधलं एकच गाणं घ्या आणि ते लागोपाठ तीनदा ऐका. पहिल्या वेळी फक्त सर्वांत खालच्या आवाजाच्या मागे जा, बाकी काही वाजलं तरी ढळायचं नाही. दुसऱ्या वेळी मोजा: एकूण किती गोष्टी वाजताहेत, कुठली कधी आत येते, कधी बाहेर जाते. तिसऱ्या वेळी काहीच करू नका. गृहपाठ वाटेल, आहेच. पण चार-पाच गाण्यांनंतर कान आपोआप असं ऐकू लागतात आणि मग "सगळं सारखंच" ही तक्रार बंद पडते.

नमुन्यादाखल तीन गाणी फोडून दाखवतो.

'आय फील लव्ह'. १९७७ पर्यंत डिस्को म्हणजे व्हायोलिनचा ताफा, तुताऱ्या, माणसांनी वाजवलेला वाद्यवृंद. मोरोडर आणि पीट बेलॉट यांनी म्युनिकमध्ये ते सगळं बाजूला ठेवलं आणि मूग मॉड्युलर सिंथेसायझरवर, म्हणजे विजेवर आवाज घडवणाऱ्या वाद्यावर, गाणं रचलं. आता एका कानातला इयरफोन काढा. बेसलाइन अर्धवट, अडखळत चालल्यासारखी ऐकू येईल. परत घाला, ती धावू लागेल. कारण असं की मूळ सूर एका बाजूला आहेत आणि क्षणभर उशिरा येणारा त्यांचाच प्रतिध्वनी दुसऱ्या बाजूला. दोन्ही मिळून दुप्पट वेगाचा भास होतो. मूग तेव्हा इतक्या पटकन बेसूर व्हायचा की रेकॉर्डिंग थोड्याथोड्या सेकंदांच्या तुकड्यांत करावं लागलं. आणि एवढ्या यंत्रमय गाण्यात किक ड्रम मात्र माणसाने वाजवलेला आहे, कीथ फॉर्सी या ड्रमरने, कारण मूगवर हवा तसा ठोका मिळेना. वरून डॉना समर मोजक्या शब्दांत, लांबलांब ताना घेतल्यासारखी तरंगत जाते. खाली यंत्र घड्याळासारखं काटेकोर, वर आवाज मोकळा. पुढच्या कित्येक वर्षांच्या नाचाच्या संगीताचा आराखडा या एका गाण्यात सापडतो.

दुसरं, लॉरी अँडरसनचं 'ओ सुपरमॅन' (१९८१). आठ मिनिटांहून लांब, ढोल नाही, टाळ नाही, नाचण्यासारखं काही नाही, आणि तरी ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. याचा कणा म्हणजे अँडरसनचाच "हा" असा एक उच्चार, लूप करून, म्हणजे तोच तुकडा पुन्हापुन्हा फिरवत, शेवटपर्यंत चालवलेला. हा... हा... हा... त्याच्यावर दोनच कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) आळीपाळीने येतात. "हा" ला षड्ज माना. पहिल्या कॉर्डमध्ये सा, कोमल ग आणि कोमल ध. दुसऱ्यात सा, कोमल ग आणि पंचम. म्हणजे दोन सूर जागचे हलतही नाहीत, एकच सूर अर्ध्या स्वराने खाली उतरतो, आणि तेवढ्याने उबदार वाटणारी गोष्ट एकदम भीतिदायक होते. पुन्हा वर जातो, पुन्हा उबदार. आई फोनवर बोलतेय की कुणी दुसरंच, ही शब्दांमधली शंका त्या एका सुराच्या हेलकाव्यात बसवलेली आहे. 'कमी सामानात काय साधतं' असं कुणी विचारलं तर मी हे गाणं लावतो.

तिसरं, 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्‌स' मधला 'टू/वन' नावाचा तुकडा. यात माणसांनी लावलेले "आ" चे लांब सूर आहेत, प्रत्येक सूर टेपच्या स्वतंत्र लूपवर. एक लूप साडे २३ सेकंदांनी परत येतो, एक साधारण २६ सेकंदांनी, एक साधारण ३० सेकंदांनी. या लांबींचं एकमेकींशी गणित जुळत नाही, त्यामुळे सूर दर वेळी नव्या जुळणीत भेटतात. कधी दोन एकत्र, कधी तिघांचा कल्लोळ, कधी बराच वेळ कुणीच नाही. ईनोने सूर निवडले आणि लांब्या ठरवल्या. पुढची रचना टेपने केली. हे कळल्यावर ऐकलं की 'आता कोण येणार' याची उत्सुकता लागते.

पायरी ४: धागा धरा

आता एक रेकॉर्ड तुमच्या अंगवळणी पडली असेल. इथून पुढे सुचवणाऱ्याची फार गरज नाही. रेकॉर्डच्या माहितीत चार नावं असतात: निर्माता, लेबल, वाद्य किंवा यंत्र, आणि कुणाचा तुकडा उचलला असेल तर तो. त्यातलं एक पकडा.

यंत्राचा धागा सर्वांत गमतीचा, म्हणून आधी तो. जपानच्या रोलंड कंपनीने १९८० मध्ये टीआर-८०८ हे ड्रम मशीन बाजारात आणलं. खऱ्या ड्रमसारखा आवाज येत नाही म्हणून लोकांनी नाकं मुरडली, आणि १९८३ मध्ये उत्पादन बंद झालं. जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळू लागलं आणि ज्यांच्याकडे स्टुडिओला द्यायला पैसे नव्हते त्यांच्या हाती पडलं. मार्व्हिन गेच्या 'सेक्शुअल हीलिंग' मध्ये (१९८२) ते ऐका: पहिल्या क्षणापासून तेच. त्याच घरातलं टीबी-३०३ हे तर बेस गिटारची नक्कल करायला बनवलेलं यंत्र. ती नक्कल साफ फसली. पण शिकागोच्या फ्यूचर या गटाने त्याची बटणं भलतीकडे फिरवून १९८७ मध्ये 'अॅसिड ट्रॅक्स' काढलं आणि अॅसिड हाउस नावाचा नाचाच्या संगीताचा एक प्रकारच जन्माला आला.

आता याच धाग्याला आणखी एक गाठ आहे. मुंबईच्या सिनेसंगीतात वादक म्हणून काम करणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये, म्हणजे शिकागोच्या पाच वर्षं आधी, ३०३ आणि ८०८ हीच जोडी घेऊन 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टु अ डिस्को बीट' नावाची रेकॉर्ड काढली. दहा राग, खाली अखंड डिस्कोचा ठेका. ३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे आणि सिंग यांनी ती मींड घेण्यासाठी वापरली. तेव्हा कुणी फारशी दखल घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभरचे डीजे चक्रावले. दोन्ही रेकॉर्डी पाठोपाठ ऐका. शिकागोवाल्यांनी सिंग यांचं ऐकलं होतं असं अजिबात नाही. एकाच यंत्राने दोन ठिकाणी दोन माणसांना जवळपास सारख्याच वाटेवर नेलं, एवढंच.

प्रभावाचा धागा वेगळा चालतो. डेट्रॉइटमध्ये इलेक्ट्रिफाइंग मोजो या नावाने रेडिओवर येणारा निवेदक क्राफ्टवेर्क लावायचा. ते ऐकणाऱ्यांत हुआन अॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन हे जवळच्या बेलव्हिल गावातले शाळूसोबती होते. टेक्नो या यंत्रमय नाचाच्या संगीताची सुरुवात या तिघांपाशी सांगितली जाते. न्यूयॉर्कमध्ये आफ्रिका बंबाटा आणि सोलसॉनिक फोर्सने १९८२ च्या 'प्लॅनेट रॉक' साठी क्राफ्टवेर्कच्याच 'ट्रान्स-युरोप एक्सप्रेस' ची चाल आणि 'नंबर्स' चा ठेका घेतला, आणि तो वाजवला ८०८ वर. पुढे डेट्रॉइटच्या रॉबर्ट हूडने १९९४ च्या 'मिनिमल नेशन' मध्ये टेक्नो खरवडत खरवडत हाडांपर्यंत आणला. तिकडे बर्लिनमध्ये मार्क एर्नेस्टुस आणि मोरिट्झ फॉन ओस्वाल्ड यांनी बेसिक चॅनेल या नावाने डेट्रॉइटचा ठेका आणि डब या रेगेतून निघालेल्या जमैकन प्रकारातले प्रतिध्वनी एकत्र घोळले. जर्मनीतून निघालेली गोष्ट अमेरिकेला वळसा घालून जर्मनीत परतली. हा सगळा प्रवास चार-पाच रेकॉर्डींत ऐकता येतो, आणि तो क्रमाने ऐकला तर 'मिनिमल नेशन' सारखी एरवी डोक्यावरून जाणारी रेकॉर्डही सोपी वाटते.

लेबलचा धागा धरायचा तर म्यूटपासून धरा. डॅनियल मिलरने १९७८ मध्ये 'द नॉर्मल' या नावाने आपलीच एक सिंगल काढायला हे लेबल सुरू केलं. बाजू पलटली की 'वॉर्म लेदरेट': कोरडा, थंड, जवळजवळ बोलल्यासारखा आवाज आणि एका सिंथची (सिंथेसायझरची) किरकिर. पुढे त्याच लेबलवर डेपेश मोड आले. त्यांची सुरुवातीची गाणी लिहिणारा व्हिन्स क्लार्क पहिल्या अल्बमनंतर बाहेर पडला आणि अॅलिसन मोये या दमदार आवाजाच्या गायिकेबरोबर त्याने याझू काढलं. त्यांचं 'ओन्ली यू' (१९८२) म्हणजे सिंथवर टपटपणारे सुटे सूर आणि एक भरदार गळा. एवढ्यावर पॉप गाणं उभं राहतं हे ज्यांना पटत नाही त्यांना ऐकवायचं गाणं आहे हे. क्लार्कचा नंतरचा गट इरेझर, तोही म्यूटवरच. एका लेबलच्या दहा रेकॉर्डी ऐकल्या की निवडणाऱ्या माणसाचा कान ओळखीचा होतो, आणि मग त्याने काढलेलं अनोळखी नावही भरवशाने घेता येतं. वॉर्प, कॉम्पाक्ट या लेबलांबाबतही हाच अनुभव येतो. कॉम्पाक्टची 'पॉप अॅम्बियंट' ही मालिका २००१ पासून निघते आहे. तिचा कुठलाही एक भाग घ्या.

उचललेल्या तुकड्याचं एकच उदाहरण देतो. द ऑर्बच्या 'लिटल फ्लफी क्लाउड्‌स' (१९९०) मध्ये एक चमचमणारी गिटार आहे. ती स्टीव्ह राइकच्या 'इलेक्ट्रिक काउंटरपॉइंट' (१९८७) मधली, वाजवणारा पॅट मेथनी. तिथून राइकच्या 'म्युझिक फॉर एटीन म्युझिशियन्स' (१९७६) पर्यंत एकच पाऊल. ती तासाभराची रचना आहे, ११ कॉर्डच्या मालिकेने सुरू होते आणि तिनेच संपते. वीज जवळपास नाही, सगळी हाताने वाजवायची वाद्यं आणि गळे, पण इलेक्ट्रॉनिक संगीत करणारे तिच्याकडे पुन्हापुन्हा का वळतात ते पहिल्या दोन मिनिटांत कळतं.

पायरी ५: शोधायचं कुठे

डिस्कॉग्ज ही साइट म्हणजे रेकॉर्डींची जंत्री आहे. दिसायला रूक्ष, पण चौथ्या पायरीसाठी दुसरं काही लागत नाही: कुठली रेकॉर्ड कुणी, कुठे, कुठल्या लेबलवर, आणि त्या माणसाने आणखी काय काय केलं, एका टिचकीवर.

बँडकॅम्पवर रेकॉर्डच्या पानावर ती विकत घेतलेल्या श्रोत्यांची यादी दिसते. तुमची आवडती, फारशी कुणाला माहीत नसलेली रेकॉर्ड ज्याने घेतली आहे त्याचा संग्रह उघडा. आवडीनिवडी जुळणाऱ्या अनोळखी माणसाची कपाटं धुंडाळण्याची ही राजरोस सोय आहे आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी. ऐकायला बहुतेक ठिकाणी पैसे पडत नाहीत, आणि घेतलंत तर पैशांचा मोठा वाटा कलाकाराकडे किंवा लेबलकडे जातो.

लंडनचा एनटीएस हा इंटरनेट रेडिओ फुकट आहे. तिथले कार्यक्रम माणसं रचतात आणि बरेचदा वाजवलेल्या गाण्यांची यादी खाली दिलेली असते. कार्यक्रम संपल्यावर यादीतलं एकच नाव लिहून घ्या. सगळी यादी साठवून ठेवली तर ती कधीच उघडली जात नाही.

स्ट्रीमिंगवरच्या आपोआप येणाऱ्या शिफारशींबद्दल मी साशंक आहे. त्या ऐकलेल्यासारखंच आणखी काहीतरी पुढ्यात टाकतात, का ते सांगत नाहीत, आणि 'अभ्यासासाठी', 'झोपेसाठी' अशा प्लेलिस्टांत तर सगळं एका रंगात बुडवलेलं असतं. पण सरसकट वाईट म्हणणं अन्यायाचं होईल. मिदोरी ताकादाचा 'थ्रू द लुकिंग ग्लास' (१९८३) ही जपानी रेकॉर्ड कित्येक वर्षं विस्मरणात होती. यूट्यूबच्या शिफारशींनी ती लाखो लोकांपुढे नेली आणि २०१७ मध्ये ती पुन्हा छापली गेली. हिरोशी योशिमुराचा 'म्युझिक फॉर नाइन पोस्ट कार्ड्‌स' (१९८२) हाही अशाच वाटेने अनेकांपर्यंत पोचला. तेव्हा शिफारशीतून काही आवडलं तर आवडू द्या, फक्त तिथे थांबू नका. नाव घ्या आणि चौथ्या पायरीवर जा.

पायरी ६: उपप्रकारांची नावं

पाठ करू नका. हाउस, टेक्नो, अॅम्बियंट, सिंथपॉप एवढी चार पुरेत. हाउस बहुधा मिनिटाला १२० ते १३० ठोके, प्रत्येक मात्रेवर किक. टेक्नो जास्त कोरडा, जास्त यांत्रिक. अॅम्बियंटमध्ये ठेका बहुधा नसतोच. सिंथपॉप म्हणजे कडवी-ध्रुवपद असलेलं गाणं, सिंथवर. यापुढची शेकडो नावं वाद घालण्यासाठी आहेत.

नावडलेल्या रेकॉर्डबद्दलही एवढंच: दोनदा ऐकून जमलं नाही तर सोडून द्या. ती थोर आहे म्हणून रेटत बसण्यात अर्थ नाही. वेगळ्या धाग्यावरून ती पुन्हा समोर आली तर तेव्हा बघू.

पायरी ७: स्वतः एक लूप बनवा

संगीतकार व्हायला नव्हे, ऐकायला शिकण्यासाठी. एबलटन या कंपनीने 'लर्निंग म्युझिक' नावाची एक साइट फुकट ठेवली आहे. काही उतरवून घ्यावं लागत नाही, ब्राउझरमध्ये चौकोनांवर टिचक्या मारत ठेका बनतो.

चारही मात्रांवर किक ठेवा. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी. दोन मात्रांच्या मधोमध हाय-हॅट (झांजेचा बारीक आवाज). झाला हाउसचा ठेका, दोन मिनिटांचं काम. आता तो बदल न करता चालू द्या. थोड्याच आवर्तनांत कंटाळा येईल. मग एक हाय-हॅट काढून टाका, फक्त एक. कान लगेच टवकारतात, त्या रिकाम्या जागेची वाट बघू लागतात. तो परत घाला आणि एक किक काढा: आता सगळा डोलाराच हलल्यासारखा वाटतो. कुठला बदल किती मोठा जाणवतो, किती आवर्तनांनंतर तो यायला हवा, हे प्रश्न तुम्हाला पडू लागले की मिनिमल टेक्नो बनवणारा दिवसभर काय करतो ते कळलंच म्हणून समजा. बेसलाइनमध्येही हा खेळ करून बघा. तीन सुरांपेक्षा जास्त वापरू नका.

जाता जाता या साइटचाही एक धागा आहे. एबलटनचं मुख्य सॉफ्टवेअर बर्लिनमध्ये घडलं आणि ते घडवणाऱ्यांत गेरहार्ड बेलेस आणि रॉबर्ट हेन्के होते. हे दोघे मोनोलेक या नावाने आधीपासून संगीत करत होते. त्यांचा 'हाँगकाँग' १९९७ मध्ये निघाला, तोही चौथ्या पायरीवर भेटलेल्या एर्नेस्टुस आणि फॉन ओस्वाल्ड यांच्याच 'चेन रिअॅक्शन' या लेबलवर. पुढची रेकॉर्ड म्हणून ती घ्या, आणि आधी बेसलाइनच्या मागे जा.